लेबलावरची मोकळी जागा

औषधांच्या लेबलावर रिकाम्या ओळी छापल्या जायच्या, म्हणून हॉस्पिटलचा फार्मासिस्ट रोज शेजारच्या खोलीतल्या प्रोग्रॅमर मुलीवर करवादायचा. आज सकाळी तिने लेबलाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कोऱ्या नमुन्यात, औषधाचं नाव आणि मात्रा आपोआप भरणाऱ्या प्रत्येक कंसाला एकेक आडवी रेघ जोडली. ही रेघ कागदावर उमटत नाही, फक्त शेजारची सगळी मोकळी जागा गिळून टाकते. लेबल आटोपशीर झालं, फार्मासिस्ट खूश झाला. दुपारी तिच्या आत्याचा फोन आला; ती सकाळीच इथून औषध घेऊन गेली होती. “अगं, तुझं लेबल काय झकास आलंय! पण डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या वाटतं?” तिने आत्याचं लेबल स्क्रीनवर उघडलं. सकाळचा ‘१’ आणि संध्याकाळचा ‘२’ यांच्यामधली जागाही रेघेने गिळली होती. तिथे ‘१२’ छापलं होतं. तिने घाईघाईने विचारलं, “आत्या, किती घेतल्यास?” “सात झाल्यात. गिळवेनात गं, पण तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार.” काचेपलीकडे फार्मासिस्ट शीळ घालत रांगेतल्या पुढच्या माणसाच्या औषधावर लेबल चिकटवत होता.