साकी संपेपर्यंत

"आलं का?" व्यासराजांनी गच्चीवरून विचारलं.

"नाही," खालच्या घरातून त्यांच्या पत्नीचं, वसंताबाईंचं उत्तर आलं.

व्यासराजांनी अँटेनाचा पाइप आणखी फिरवला. परवाच्या वादळाने डिश उडवून नेली होती आणि इंटरनेटच्या तारा रस्त्यावर लोळत होत्या. चार वाजता नात शरण्याचं पहिलं कीर्तन टीव्हीवर लागायचं होतं. साडेतीन होऊन गेले होते. उरली होती फक्त माळ्यावरची, माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी ही जुनी अँटेना.

"आता?"

"नाही हो."

शेजारचे बालाजीराव जिन्यात बसून होते. जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. "राव, पडद्यावर मुंग्या यायचे दिवस गेले," ते म्हणाले. "हे डिजिटल. आलं तर लख्ख, नाहीतर काळोख. समुद्राकडे केसभर फिरवा आणि कोंजम, जरासं थांबा. चित्र जमायला वेळ लागतो. ते जमायच्या आत तुम्ही पुढे पळता."

"थांबायचं? यांनी?" वसंताबाई खालून म्हणाल्या. "चाळीस वर्षं कीर्तनात माझ्यामागे झांज वाजवली. दर वेळी माझ्याआधी समेवर हजर." मग क्षणभराने, "असं करा. केसभर फिरवा आणि कथेतली एक साकी म्हणा. साकी संपेपर्यंत पाइपला हात लावायचा नाही."

"मग तूच म्हण की," व्यासराज सवयीने बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

तीन वर्षांपूर्वी, मार्गळी महिन्याच्या उत्सवात, रुक्मिणी स्वयंवर ऐन रंगात असताना वसंताबाईंना साकीची शेवटची ओळ आठवली नव्हती. भरल्या सभेला हात जोडून त्या खाली उतरल्या. त्या दिवसापासून घरात आरतीसुद्धा ओठातल्या ओठात. शरण्याला तीच कथा शिकवली, तीही नुसती बोलून. "चाल टेपवरून घे," म्हणायच्या.

व्यासराजांनी घसा खाकरला आणि म्हणायला सुरुवात केली. पाइप केसभर, मग साकी. पुन्हा केसभर, पुन्हा साकी. सूर कुठे, ताल कुठे.

"राव, ही साकी की गिंडीला सुटलेली शेवटची बस?" बालाजीराव म्हणाले.

"अहो, रुक्मिणीला एवढी घाई नव्हती," खालून आवाज आला. "जरा दमानं."

दमानं म्हणताना तर सूर आणखीच घसरला. खाली कोणीतरी कपाळावर हात मारल्याचं व्यासराजांना न बघताही कळलं. त्यांनी पाइप पुन्हा केसभर हलवला आणि श्वास घेतला.

तेवढ्यात खालून साकी उठली. संथ, भरदार. एकेक शब्द जागच्या जागी बसत वर आला. बालाजीराव लगबगीने खाली गेले. शेवटची ओळ जवळ आली तसे व्यासराजांनी डोळे मिटून घेतले. पोरगी अडखळू नये, पांडुरंगा.

अडखळली नाही. शेवटची ओळ आली, आणि बरोब्बर समेवर येऊन टेकली.

व्यासराजांनी पाना घेऊन नट आवळला. डोळ्यांतल्या पाण्याने नट धड दिसेना. या अँटेनाला कोणी हात लावला तर हात मोडीन, असं स्वतःशीच म्हणत ते जिना उतरले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या.

"वसंता, ऐकलंस? पोरीनं तुझा गळा उचलला. हुबेहूब..."

दारातच बालाजीरावांनी त्यांना ओठांवर बोट ठेवून थांबवलं. चित्र आलं होतं, लख्ख. पण वसंताबाईंना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचे डोळे मिटलेले होते. मांडीवर ताल धरून त्यांनी दुसरी साकी उचलली होती.

टीव्हीवर अजून पावसाच्या बातम्याच चालू होत्या.