मांजराचं औषध

ताटलीत गव्हाची नुसती खुंटं उरली होती आणि मधोमध मोठं भोक. अश्रफ आत्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"आज दुपारी नौरोज लागतोय आणि ही आपली हिरवळ! कुणाचा प्रताप म्हणायचा हा?"

"त्या मांजराचा," तलअत खानम म्हणाल्या.

त्यांची सून माहरुख खोलीच्या दारातच थिजली. लग्नानंतरचा तिचा पहिला नौरोज. या घरात नव्या वर्षाचा गहू रुजत घालायचा मान नव्या सुनेचा. तिच्या हातचा गहू जसा उगवेल तसं घराचं वर्ष जातं, असं अश्रफ आत्यांचं ठाम मत. तो बघायलाच त्या काल इस्फहानहून भावाच्या घरी याझ्दला आल्या होत्या.

माहरुखच्या पायाशी फंदोक उभं होतं. आई गेल्यावर माहेरच्या घरातून तिनं एवढं एक मांजरच मागून आणलं होतं.

"मांस खाणारं जनावर गवत कशाला खाईल, वहिनी?"

"खातात, वन्सं. अंग चाटताना पोटात केस जातात, ते बाहेर काढायला. औषधच असतं ते त्यांचं."

"आणि एकदम ताटभर?" सासरे जलील आगा चहाच्या पेल्यामागून हसले. "डॉक्टरनं डोस वाढवून दिला असेल!"

फंदोक पुढं आलं. आत्यांनी खाली ठेवलेली ताटली त्यानं हुंगली, एक शिंक दिली आणि तोंड फिरवून बसलं.

"बघा, पोट कसं तट्ट भरलंय मेल्याचं!" आत्या कडाडल्या. "आजच्या आज सुनेच्या माहेरी पोचवा त्याला."

माहरुखचे डोळे भरून आले. "आत्याबाई, त्यानं नाही..."

"मांजर कुठं जायचं नाही," तलअत खानम मध्येच म्हणाल्या. "बाजारातून दुसरी हिरवळ येईल. माहरुख, तू आत चल. मासे कोण साफ करणार?"

स्वयंपाकघरात शिरताच माहरुखनं दार लोटून घेतलं.

"आई, आत्याबाईंना मांजर खपत नाही म्हणून मी फंदोकला काल संध्याकाळपासून खोलीत कोंडलं होतं. आत्ता कुठं सोडलं. त्यानं खाल्लेलं नाही." मग ती मान खाली घालून म्हणाली, "आणि... माझ्या हातून पाणी जास्त झालं. मधला गहू परवापासूनच कुजत होता. मी कडेची पाती ओढून झाकत होते. सांगायचा धीर झाला नाही."

तलअत खानमनी खिशातून कात्री काढली. तिला चिकटलेली दोन हिरवी पाती पुसली आणि कात्री खणात ठेवून दिली.

"वास आला म्हणून तर पहाटे उठले मी."

माहरुख त्यांच्याकडं बघतच राहिली.

"अशी बघू नकोस. मांजराचं काय जातंय? तुला मात्र वन्संनी जन्मभर ऐकवलं असतं." तलअत खानमनी मासे तिच्यापुढं सरकवले. "माझाही पहिला गहू कुजला होता. सासूबाईंनी बकरीचं नाव पुढं केलं. वन्सं अजून त्या बकरीच्या नावानं बोटं मोडतात."