कोपराच्या उंचीचं बटण

लेथवर टूल किंचाळलं आणि इकडे स्वयंपाकघरात म्हातारीच्या हातातली सुरी थांबली.

भिंतीपलीकडच्या खोलीत म्हातारा टर्नर पाण्याच्या पंपाचा शाफ्ट कातत होता. शाफ्ट शाळेच्या गाडीचा. ते मॉडेल कधीच बंद झालेलं, नवा भाग कुठे मिळत नाही. बेअरिंग बसतं त्या जागी शाफ्ट झिजला होता. तिथे वेल्डिंगने भर घालून पुन्हा मापात कातायचा, एवढंच काम. गाडीचा ड्रायव्हर दाराशी स्टुलावर बसून होता. मागच्याच आठवड्यात म्हाताऱ्याने त्याचा एक शाफ्ट वाया घालवला होता. हा दुसरा, भंगारबाजार पालथा घालून आणलेला. तिसरा नव्हता. पहिला बिघडला त्या दिवशी मुलगा म्हणाला होता, बाबा, पुरे झालं, लेथ विकून टाका. म्हाताऱ्यानेही तिरीमिरीत शब्द देऊन टाकला होता, की पुढचा जॉब बिघडला तर तूच टेम्पो घेऊन ये.

मुलाचं निदान असं, की बाबांचे हात थरथरतात. चार पुस्तकं शिकला की माणूस असली निदानं करतो. हात अजून पहारीसारखे होते. डोळे केसाची जाडी सांगत. गेले होते कान, आणि ते घरात एकट्या म्हातारीला ठाऊक होतं. रस्त्यावरून ट्रक गेलेला म्हाताऱ्याला ऐकू येई, कुकरची शिट्टी येत नसे. बारीक आवाज तेवढे गेले होते. आणि टूलची धार गेली की ते नेमकं बारीक किंचाळतं. हाताला कळेपर्यंत शाफ्टवर चर पडलेला असतो. पण हे सांगायचं कुणी? म्हाताऱ्याच्या मते तो ठणठणीत होता, जगच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं होतं. पुरुषाची जात अशी, की चष्मा आणून दिला तर निमूट घालेल; कानाच्या यंत्राचं नाव काढा, बाप काढल्यासारखा अंगावर येईल.

टूल पुन्हा किंचाळलं. तिने हाक मारली. उपयोग नव्हताच. त्या खोलीत पूर्वी अडगळ असायची, त्यामुळे तिथल्या दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराजवळ होतं. म्हातारी धावली. ओल्या हातानेच तिने दिवा घालवला आणि लावला.

मशीन थांबलं. म्हातारा दारात येऊन उभा राहिला.

“अक्कल आहे का? फिरत्या मशीनवर दिवा घालवतात?”

“टूल गेलंय तुमचं.”

“तुला काय कळतं गं त्यातलं?”

“चाळीस वर्षं तुम्ही कातताय आणि मी ऐकतेय,” म्हातारी म्हणाली. “आता तर मी एकटीच ऐकतेय.”

ड्रायव्हर छताकडे बघायला लागला. शहाणा माणूस.

म्हातारा आत गेला. टूल काढून त्याने उजेडात धरलं. वेल्डिंगच्या कडक गाठीवर धारेचा टवका उडाला होता. आणखी एक फेरा, आणि संध्याकाळी दारात टेम्पो. त्याने ग्राइंडरवर धार लावली, टूल बांधलं, शेवटचा कट सुरू केला.

म्हातारी भाजीकडे गेलीच नाही. बटणावर बोट ठेवून उभी राहिली. आवाज कसा हवा ते तिला पाठ होतं. कोऱ्या कापडात कात्री चालावी तसा, सलग. निम्म्यात तो जरासा चढला. तिने एकदाच दिवा मिचकावला. या वेळी दारात कुणी आलं नाही. टूल मागे सरलं, तेल पडलं, मशीन पुन्हा हळू चालू झालं, आणि कात्री कापडातून शेवटपर्यंत निघून गेली.

बेअरिंग शाफ्टवर चढलं आणि लाकडी हातोडीच्या दोन टिचक्यांत जागेवर बसलं. ड्रायव्हरने ते बोटाने फिरवून पाहिलं, पुन्हा एकदा फिरवलं. उद्या पोरं वेळेवर शाळेत, म्हणाला. निघताना चप्पल घालता घालता त्याने हसू दाबलं.

“काका, त्या दिव्याचं वायरिंग तेवढं बघून घ्या.”

“बघतो,” म्हातारा म्हणाला.

आणि खरंच बघायला बसला. जेवायला तीनदा हाक मारली तरी आला नाही. त्यातली एक तरी त्याला ऐकू आली असणार. भिंतीला भोक पडलं, वायर आली. मग येऊन त्याने म्हातारीला दंडाला धरून ओट्यापाशी उभं केलं, तिचा हात कोपरात दुमडला आणि कोपर टेकलं तिथे भिंतीवर पेन्सिलची खूण केली. तासाभराने त्या खुणेवर पांढरं, गोल, नायलॉनचं बटण बसलं होतं. लेथवर कातलेलं. कडा इतक्या गुळगुळीत, की बाळाच्या हातात द्यावं.

“पितळेचं शोभलं असतं,” तो म्हणाला. “पण तुझे हात सदा ओले. तिकडे लाल दिवा लावलाय. कामात असलीस तर कोपराने दाब.”

“हे कशासाठी म्हणायचं?”

“मला सगळं ऐकू येतं. हे आपलं तुझ्या सोयीला. सारखी धावत नको जाऊस दाराकडे.”

एवढं बोलून तो खोलीत गेला. रिकामंच मशीन घरघरायला लागलं. म्हातारीचे दोन्ही हात साबणाच्या फेसात होते. तिने त्या बटणाकडे पाहिलं. मग तिने अलगद कोपर टेकलं.

भिंतीपलीकडून, मशीनच्या वर आवाज चढवून, म्हातारा ओरडला, “आलं ऐकू!”