चंद्रावरचा ऑक्टोपस

संपादक क्रांट्झचा न्यूयॉर्कहून फोन आला तेव्हा लेखक वेंडेलची चंद्रावरची विज्ञानकथा नुकतीच लिहून झाली होती. "अंकाचं मुखपृष्ठ छापून झालंय. त्यावर पोरीला विळखा घातलेला ऑक्टोपस आहे. तेवढा कथेत घाल." "अहो, चंद्रावर पाणी कुठंय?" "मग पाणीही घाल!" क्रांट्झने फोन आपटला. महिनाभर खपून वेंडेलने कथेतल्या यानाचं गणित अचूक बसवलं होतं. दुपारभर तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत ऑक्टोपसवरून बडबडत राहिला. भांडी विसळणारी बायको, आयडेला, वैतागली. "घाल ना बाबा एकदाचा! डोकं उठलंय माझं." धुमसतच टाइपरायटरवर त्याने लिहिलं: चंद्राच्या पोटातल्या आटत्या तळ्यात शेवटचा ऑक्टोपस उरला होता, सोबतीला कुणीच नव्हतं, म्हणून त्याने पोरीला धरून ठेवलं. संध्याकाळी पानं वाचून आयडेलाने ॲप्रनला डोळे पुसले. "आणि माझं यान?" वेंडेलने विचारलं. "ते काढून टाक की."