मागचे पाटे

गुणाजी परबने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि सवयीप्रमाणे आधी वास घेतला. जळक्या तेलाचा वास नव्हता. नळ्या कोरड्या होत्या. इंजिन चालू केलं तर ते मांजरासारखं घुरघुरत राहिलं.

त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट संशय आला.

"किती म्हणालात, काका?"

"दोन हजार."

ही हिरवी मॉरिस साडेतीन हजारांच्या खाली कुणी सोडली नसती. गिरगावात सेकंडहँड गाडी घ्यायची म्हणजे माणसं आधी गुणाजीला गाठायची. पोचे बुजवायला रंगाखाली भरलेली लांबी तो टिचकीच्या आवाजावरून ओळखायचा, मागे फिरवलेला मीटर पेडलच्या झिजलेल्या रबरावरून पकडायचा. दुसऱ्यांसाठी गाड्या पारखण्यात उमर गेली. आज पहिल्यांदा तो स्वतःसाठी बघत होता. गणपतीला गावी स्वतःच्या गाडीने नेईन, असं तो मालनला, आपल्या बायकोला, बोलून बसला होता. सासरा हसला होता, ते अजून त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

गाडी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला लागून उभी होती. काचेवर 'विकणे आहे' असा पुठ्ठा. शेजारी धोतर, कोट आणि काळी टोपी घातलेले वृद्ध गृहस्थ. आपण सबनीस, रिटायर झालेले हेडमास्तर, असं त्यांनी सांगितलं होतं. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"एवढी स्वस्त का?"

"मोतीबिंदू झालाय मला. चालवता येत नाही. मुलगा सकाळी इथे आणून लावतो आणि चिंचपोकळीला कारखान्यात जातो. घरात नुसती ठेवून काय करायची?"

उत्तर सरळ होतं. गुणाजीला सरळ उत्तरं आवडत नसत.

तो मागे गेला आणि वाकून बघू लागला. गाडीचा मागचा भाग चांगला चार बोटं खाली बसला होता.

"स्प्रिंगचे पाटे बसलेत मागचे."

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"डिकी उघडा."

"किल्ली मुलाकडे. गाडीची कागदपत्रंही त्याच्याचकडे. असं करा, तिकडेच जाऊ. तुम्हीच चालवा. चालवल्याशिवाय गाडी कळते का?"

डिकी दाखवत नाहीत म्हणजे आतला पत्रा कुजलाय, गुणाजीने मनाशी नोंद केली. मागची सीट उचलून खालचंही बघायला हवं होतं.

"काकू, जरा उतरता?"

"गुडघे धरलेत रे बाळा," त्या म्हणाल्या. "एकदा बसले की उठवत नाही. तू कुठला? मालवणकडचा ना? बोलण्यावरून वाटलंच."

त्यांनी पिशवीतून रव्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. आईच्या वयाची बाई. तिला ऊठ कसं म्हणायचं?

सबनीसांनी काचेवरचा पुठ्ठा काढला, दुमडला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला. "गाडी तुम्हाला पसंत पडली, असंच समजतो."

ही घाईही गुणाजीला खटकली. त्याने गियर टाकला. सबनीस मागे पत्नीशेजारी बसले. पुढे बसलं की ऊन डोळ्यांवर येतं, म्हणाले.

दादर मागे पडलं. भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं होतं. गाडी पाण्यासारखी चालत होती, पण खड्डा आला की मागून जड, बसका धक्का लागायचा. गुणाजी कान देऊन ऐकत होता. मग त्याला उमगलं.

"काका, एक विचारू? खरं सांगायचं. गाडीला मागून ठोकर बसलेय ना?"

आरशात त्याला दिसलं, सबनीसांनी पत्नीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुमच्यापासून काय लपवायचं? मुलाने वरळीला ठोकली होती. म्हणून तर भाव उतरवला."

गुणाजीच्या जिवाला थंडावा मिळाला. चोर सापडला होता. पाटे बदलायचे, डिकीचा पत्रा मारून घ्यायचा, तीनशेत काम होईल. तरीही गाडी फुकटात पडत होती.

"मी अठराशे देईन," तो म्हणाला.

"तुम्ही माणूस पारखी आहात," सबनीस हळहळून म्हणाले. "मुलाला विचारून ठरवू."

परळच्या नाक्यावर पोलिसांनी बांबू आडवा लावला होता. मोर्चा असणार, गुणाजीला वाटलं. एका हवालदाराने हात केला. तो निर्धास्तपणे थांबला.

फौजदार गाडीभोवती फिरला. तोही मागे वाकला.

"डिकी उघड."

"किल्ली नाय साहेब. चिंचपोकळीला आहे."

हवालदाराने पहार घातली. झाकण कडकन उडालं. आत फुगलेल्या रबरी पिशव्या एकीवर एक रचलेल्या होत्या. एक फुटली आणि हातभट्टीचा उग्र दर्प रस्ताभर पसरला. काकूंना हात धरून उतरवलं, तर त्यांच्या सीटखालीही त्याच पिशव्या.

"गाडी कुणाची?" फौजदाराने विचारलं.

गुणाजी धीराने मागे वळला. "माझी नाय साहेब. मी नुसती बघायला आलेलो. काका, सांगा ना यांना."

सबनीसांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि फौजदारापुढे हात जोडले.

"साहेब, शिवाजी पार्कला हिचे गुडघे आखडले म्हणून या ड्रायव्हरला हात केला. परळपर्यंत सोडतो म्हणाला. आता याला भाडं द्यायचं की नाही, तेवढं सांगा."