रंगाचा नमुना

डॉक्टर ओक्पोटी सोवांनी उभं आयुष्य एका रानटी मुळीतून तापावरचं औषध काढण्यात घालवलं. अर्धी लाल, अर्धी पिवळी कॅप्सूल. एक गिळली की ताप उतरायचा. आता घानातल्या तेशी गावी, वडिलांच्या घरात ते स्वतःच त्या तापाने फणफणले होते, आणि ती कॅप्सूल काही केल्या मिळत नव्हती.

"इथल्या दुकानात नाही रे, दादा. आणि आक्र्याला जायला सवड कुणाला आहे?" धाकटी बहीण कोर्कोर रोज म्हणायची.

अंगणात मात्र सगळ्यांनाच सवड होती. मांडव ठरला, बँड ठरला, सुतकाचं काळं-तांबडं कापड आलं. तेशीतला कोळी माशाच्या आकाराच्या शवपेटीत जातो, टॅक्सीवाला टॅक्सीच्या. डॉक्टर अर्थातच कॅप्सूलच्या आकाराच्या पेटीत जाणार होते. सुतार येऊन मापही घेऊन गेला. "पाय जरा सरळ करा, डॉक्टरसाहेब."

एका सकाळी कोर्कोर धापा टाकत खोलीत आली. "मिळाली, दादा! अख्खं आक्रा पालथं घातलं, तेव्हा कुठे ही एक मिळाली!"

तिच्या तळहातावर ती लाल-पिवळी कॅप्सूल होती. बहिणीबद्दल नाही नाही ते मनात आणलं म्हणून डॉक्टरांना भरून आलं. त्यांनी कसंबसं तोंड उघडलं.

कोर्कोरने झटकन मूठ मिटली.

"असं काय करतोस, दादा? सुताराला रंग दाखवायचाय. पिवळा जरा जरी चुकला, तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील!"