चौथ्या मजल्याचं दार

‘‘आई, तू इथे बस. पंख्याखाली.’’

लिफ्टच्या डोक्यावर उकिडवा बसून तो नट आवळत होता. बाहेरून आवाज आला आणि पाना हातातच थांबला. आवाज त्याच्या मुलीचा होता, त्यात शंका नव्हती. पण तिची आई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

त्याने स्वतःलाच दटावलं. आवाजासारखे आवाज असतात. मुलगी याच विद्यापीठात शिकते हे त्याला ठाऊक होतं, पण सकाळी कंपनीने या कामावर पाठवलं तेव्हा ते डोक्यातही आलं नव्हतं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. उजेड यावा म्हणून त्याने चौथ्या मजल्याचं दार वीतभर सरकवून खाली लाकडाचा ठोकळा लावला होता. दारासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून पालकसभा भरली होती. बसल्या जागेवरून त्याला फक्त चपला आणि बूट दिसत होते.

सर म्हणाले, इथे काय बदलायला हवं ते मोकळेपणाने सांगा. मग कुणी कसर ठेवली नाही. निकाल इतके उशिरा लागतात, की आपण नापास झालोय हे पोरांना पुढचं वर्ष अर्धं शिकून झाल्यावर कळतं. वाचनालय पाचला बंद होतं आणि तास सुटतात तेही पाचलाच. जिने चढून धापा टाकणारे एक गृहस्थ म्हणाले, लिफ्टवाला आलाय म्हणे आज, म्हणजे आमची पोरगी शिकून बाहेर पडेपर्यंत होईल चालू. सगळे हसले. फटीच्या आत त्यालाही हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे.

मग एका बाईंनी नियमाचं काढलं. आईवडिलांपैकी एक जण सभेला आल्याशिवाय पोरांना परीक्षेला बसू देत नाहीत, हे कसलं? पोरांना मिशा फुटल्या, आता आम्ही काय बोट धरून आणायचं? सर म्हणाले, घरात कुणाचं तरी लक्ष असावं, एवढाच त्यामागचा हेतू.

असा काही नियम आहे हेच त्याला माहीत नव्हतं. सभा, फी, डबा हे सगळं बायकोचं खातं. ती गेल्यापासून तो कामावरून यायचा, ताटात असेल ते खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मुलगी काही सांगायला आली की ‘बघू’ म्हणायचा. हळूहळू तिचं सांगणं बंद झालं. मधे एकदा ती दारात बराच वेळ उभी होती. सभा की काय असं काहीतरी म्हणाली होती. तेव्हाही तो ‘बघू’च म्हणाला होता. ते आत्ता आठवलं.

तो हळूच उठला आणि त्याने फटीतून बघितलं.

मुलगी पाठमोरी बसली होती. तिच्या शेजारी, पाठमोराच, त्याच्या बायकोचा जांभळा स्वेटर. तिने स्वतः विणलेला. एक बाही लांब झाली होती, ती दुमडून घालायची. आताही ती बाही दुमडलेलीच होती. त्याने भिंतीला हात टेकला.

मग त्या बाईने मान वळवली. त्यांच्याच इमारतीतल्या, खालच्या मजल्यावरच्या लाँड्रीवाल्या काकू होत्या त्या.

त्याचं डोकं भणाणलं. बायकोच्या कपाटाला त्याने वर्षभर कुणाचा हात लागू दिला नव्हता. आणि पोरीने त्यातला स्वेटर काढून दुसऱ्या बाईच्या अंगावर घातला, वर तिला आई म्हणाली. त्याने पाना खाली ठेवला आणि दाराच्या कडेत बोटं घातली. बाहेर पडायचं. स्वेटर काढून घ्यायचा. ही बाई कोण आहे ते सगळ्यांदेखत सांगायचं. पोरीची परीक्षा गेली तर गेली.

तेवढ्यात सर काकूंकडे वळले. ‘‘तुम्ही काहीच बोलला नाहीत.’’

काकूंना गप्प बसणं कधी जमलेलं नव्हतं. ‘‘मला हिने तोंड उघडायचं नाही म्हणून दम देऊन आणलंय, सर.’’

हशा झाला. सरही हसले. ‘‘बरं, पुढच्या वेळी हिच्या वडिलांना घेऊन या. ते कधी दिसले नाहीत.’’

काकूंचं हसू गेलं. याचं उत्तर त्यांना कुणी पढवलं नव्हतं. त्या मुलीकडे बघायला लागल्या.

मुलगी उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. आवाज मात्र सरळ होता. कितीदा तरी मनात म्हणून बघितलेलं वाक्य असावं तसा.

‘‘वडील वारले, सर. मागच्या वर्षी. घरी आम्ही दोघीच असतो.’’

सरांनी मान खाली घातली. काकूंनी मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि दुमडलेल्या बाहीने स्वतःचे डोळे पुसले.

त्याची बोटं दारावरून सुटली. हाताचा धक्का लागून ठोकळा खाली गेला आणि दार आपल्या वजनाने मिटलं. आत मिट्ट काळोख झाला. बायकोला पोचवून आल्यापासूनचा एक एक दिवस त्याने आठवून बघितला. पोरीला खोटं पाडता येईल असा एकही सापडेना.

आतली कडी कुठे असते ते त्याला अंधारातही ठाऊक होतं. एका बोटाने दार उघडलं असतं.

त्याने दार वाजवलं. आणि कुणीतरी उघडेल म्हणून तो थांबून राहिला.